थोडं सांभाळून घे

२ सप्टेंबर, मंगळवार

आले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, एक टेबलदिवा आणि हत्यारांची पेटी. टेम्पोवाल्याने सगळं दुसऱ्या मजल्यावर चढवलं आणि जाता जाता म्हणाला, ताई, या गल्लीत गाडी नसलेलीच बरी, सगळं पायाखाली आहे. खरंच आहे ते. खाली बेकरी, समोर औषधांचं दुकान, त्याच्या बाजूला चपला दुरुस्त करणारा, कोपऱ्यावर वाचनालय, आणि वाचनालयावरून डावीकडे वळलं की माझा दवाखाना. दारापासून खुर्चीपर्यंत साडेसहाशे पावलं. मी मोजली. दंतवैद्याकडे कवळ्या बनवायचं काम आहे माझं. बारा वर्षं लोकांचे दात घडवल्यामुळे मोजायची खोडच लागली आहे.

घर छान आहे. एक मोठी खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. गल्लीकडे दोन खिडक्या. दुपारी चारच्या सुमाराला ऊन जमिनीवर तिरकं पसरतं. इमारत जुनी असली तरी जिना स्वच्छ, कठड्याचं लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. आमच्या मजल्यावरून अकरा पायऱ्या उतरल्या की जिन्याचं वळण, तिथून पुढे नऊ पायऱ्या आणि घरमालकांचं दार.

घरमालकांना सगळी गल्ली ‘सर’ म्हणते. गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. एकटेच राहतात. माझा टेबलदिवा त्यांनी स्वतः वर आणून दिला, खिडकीची कडी कशी लावायची ते दाखवलं. एक किल्ली मात्र त्यांच्याकडे राहील म्हणाले. नळ फुटला, वास आला, तुम्ही कामावर, मग काय करायचं? मी हसून म्हटलं, राहू द्या की.

छोटीनं सांगितलं होतं त्यात काडीचाही फरक नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

छोटी माझी धाकटी बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आधी दोन वर्षं ती याच घरात राहत होती. मार्चमध्ये जिन्यावरून पडली, वळणापाशी डोकं आपटलं आणि तिथेच गेली. वय सव्वीस.

लहानपणापासून तिचा एक डोळा अधू. ना सायकल जमली, ना रस्ता ओलांडणं. म्हणून हे घर तिला लॉटरीच वाटायचं. सगळीकडे चालत जाते ग ताईडी, कुणाच्या पाया पडायला नको, असं फोनवर सांगायची. पहिलं वर्षभर नुसती कौतुकं. नंतर सूर बदलला. कामावरून आलं की कंगवा दुसऱ्याच जागी असतो. मी न धुतलेला पेला धुतलेला असतो. पलंगावरची चादर माझ्याहून नीट घातलेली असते. मग एकदा म्हणाली, सर येतात. तिनं कुलूप बदललं, तर त्यांनी कराराचा कागद दाखवून जुनं पुन्हा बसवायला लावलं. गल्लीत कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. सर? अहो, आमची पोरं शिकली त्यांच्याकडे!

ती गेल्यावर आई आणि मामा येऊन तिला घेऊन गेले. मी इथे आलेच नव्हते. सरांनी मला कधी पाहिलेलं नाही. छोटी बाबांवर गेलेली, मी आईवर, आणि लग्न मोडलं तरी आडनाव सासरचंच ठेवलंय मी. त्यांना कळायचं कारण नाही.

जागा रिकामी झाल्याची पाटी लागली तेव्हा मी नोकरी सोडली आणि इथल्या दंतवैद्यांकडे अर्ज केला. माझा हात बघून त्यांनी लगेच ठेवून घेतलं. मी इथे राहायला आलेली नाही. उट्टं काढायला आले आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

कवळीच्या कामातलं मेण मी घरी आणलं. केसाइतकी बारीक मेणाची तार रोज सकाळी जाताना दार आणि चौकट यांच्यामध्ये खाली, पायाजवळ, चिकटवते. उघडून बघितल्याशिवाय कुणाला दिसायची नाही.

सोमवारी शाबूत. मंगळवारी शाबूत. काल तुटलेली. आज तुटलेली. कंगवा आरशाजवळून खिडकीत गेलेला, त्यातले माझे केस काढून स्वच्छ केलेला.

मी खोलीच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसले. सापडला! आणि मग खालीच बसले. कारण छोटी खरं बोलत होती. सहा-सात वेळा तिनं मला फोन केला होता. दर वेळी मी काय म्हणाले? तू जन्माची भित्री भागूबाई. असं चालत जाण्याजोगं घर पुन्हा मिळणार नाही. थोडं सांभाळून घे.

असो. आता मी सांभाळून घेणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज दुसरी वही आणली, लाल पुठ्ठ्याची. ही खरी वही माझ्या पिशवीत माझ्याबरोबर फिरते. ती लाल टेबलावर राहणार, त्यांच्यासाठी.

लाल वहीत मी लिहिलं की घर सुंदर आहे, पण दुपारी चारनंतर खिडकीजवळच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं. तरुण बाई. चेहरा भिंतीकडे. पुढच्या पानावर लिहिलं की ती विचारते, खाली कोण राहतं? दोन पानांच्या मध्ये मेणाचा ठिपका लावून ठेवला.

लोकांच्या तोंडात खोटं खरं म्हणून बसवणं हाच माझा धंदा. जमेल मला.

२२ सप्टेंबर, सोमवार

सर आज दवाखान्यात. खालचे चार दात गेलेत, अर्धी कवळी हवी. डॉक्टरांनी मला माप घ्यायला सांगितलं. मी पातेलीवजा साच्यात मापाचा ओला मसाला भरून त्यांच्या तोंडात दाबला. तीन मिनिटं हलायचं नाही, सर. तीन मिनिटं त्यांचे डोळे माझ्यावर आणि माझे त्यांच्यावर. माझी बोटं त्यांच्या जिभेपासून नखभर अंतरावर होती.

डॉक्टर नंतर म्हणाले की या माणसाचे उरलेले दात हल्लीच झिजलेत, झोपेत करकरा खात असणार. मला गुदगुल्या झाल्या.

लाल वहीतला मेणाचा ठिपका रोज तुटतोय. रोज मी एक ओळ वाढवते. काल लिहिलं की ती आता विचारत नाही, तिला कळलंय खाली कोण राहतं.

जाताना सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, घर रुचलं ना? मी म्हटलं, छान आहे सर. एकटं म्हणून वाटत नाही. त्यांच्या हनुवटीवर मसाल्याचा पांढरा ठिपका राहिला होता. मी पुसला नाही.

रात्री आठवून आठवून हसले. कवळीत एक कड मुद्दाम अंमळ उंच ठेवणार आहे. प्रत्येक घासाला टोचली पाहिजे.

२९ सप्टेंबर, सोमवार

औषधवाल्याकडे कापूस आणायला गेले. तो म्हणाला, तुमच्या सरांचं काही खरं नाही. झोपेच्या गोळ्या मागतात. म्हणे बाहेरून आलं की घरात कुणीतरी येऊन गेलेलं असतं. पेला धुतलेला. चादर ताणून घातलेली. चष्मा फळीवरचा खिडकीत.

बेकरीवाल्या मावशी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, वय झालं की होतंच असं, स्वतःच करायचं आणि विसरायचं. दोघं हसले.

मी हसले नाही. मी त्यांच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. माझ्याकडे त्यांची किल्ली नाही.

वर येताना विचार केला, मन खातंय त्याला. अपराधी माणूस स्वतःच स्वतःचा पेला धुतो आणि घाबरतो. असेल. असंच असेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लाल वहीत माझ्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ आहे. शाईच्या पेनानं. माझ्याकडे शाईचं पेन नाही.

‘ताईडी, खुर्चीवर नाही. जिन्यावर.’

आधी संताप आला. म्हातारा माझ्यावरच कुरघोडी करतोय, त्यानं ओळखलं मला, असं वाटलं. वही घेऊन खाली निघालेही. चार पायऱ्या उतरले आणि थांबले.

ताईडी. या जगात हा शब्द एकटी छोटीच वापरायची. आईसमोरसुद्धा नाही, फक्त मला एकटीला.

तिचा ‘ळ’ सगळ्यांहून वेगळा, तो नाही त्या ओळीत, नाहीतर आणखी खात्री झाली असती, पण तिचा ‘ज’ पोट फुगलेला असायचा. हा तसाच आहे.

वही छातीशी धरून पायरीवरच बसले. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी त्या ओळीखाली लिहिलं, ये. आपण दोघी मिळून करू.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज माझी अर्धी सुट्टी. साडेतीनला दार वाजलं. सर. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. हातात माझ्या घराची किल्ली. घ्या, म्हणाले, ही तुमच्याकडेच ठेवा. आत आले नाहीत. उंबऱ्यापलीकडेच उभे, कठड्याला पाठ लावून, आणि सारखे खालच्या वळणाकडे बघत.

 त्यांनीच सांगितलं. आधीची मुलगी. मी तिला बोटही लावलं नाही हो. नुसता येऊन बसायचो. घर कसं ठेवलंय बघायचो. चार वस्तू नीट करायचो. माझं कोण आहे दुसरं? त्या दिवशी ती लवकर आली. मला बघून मागे मागे गेली. मी म्हटलं, अगं थांब. ती वळली आणि...

त-त-प-प झालं त्यांचं. मग हात जोडले. ‘तुम्हाला दिसते ना ती? तिला सांगा ना. मला आता सोड म्हणावं. मी काय करू, तुम्हीच सांगा.’

सहा महिने मी या क्षणाची वाट बघत होते. शिव्या पाठ केल्या होत्या. पण तोंडातून आलं ते वेगळंच, आणि अगदी गोड आवाजात आलं.

‘थोडं सांभाळून घ्या, सर.’

दार लावलं. ते कितीतरी वेळ बाहेर उभे होते. उतरायचा आवाज येत नव्हता. वळण ओलांडायचं धाडस होत नसणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सर गेले.

पोस्टमनला सापडले, दुपारी साडेचारला, वळणापाशी. उताणे. डोकं खाली, पाय वरच्या पायऱ्यांवर. ते वर कशाला आले होते कुणाला ठाऊक नाही. किल्ली तर माझ्याकडे. नवी कवळी तोंडात नव्हती, मुठीत होती, इतकी घट्ट की तिची तार तळव्यात रुतली होती.

मी दवाखान्यात होते. दहा माणसांनी मला तिथे पाहिलंय.

गल्ली जमली. सगळे एकच बोलत होते, पाय घसरला. जुना जिना, म्हातारा माणूस, पाय घसरला. मार्चमध्येही हेच बोलले असतील. तोच सूर, त्याच माना हलवणं.

मी बेकरीतून ताजा ब्रेड घेतला, लोणी लावून चार तुकडे खाल्ले आणि रात्रभर गाढ झोपले. लाल वहीत लिहिलं, झालं ग बाई. आता तू नीज.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सरांचा पुतण्या येऊन खालच्या दाराला कुलूप घालून गेला. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तुम्ही निवांत राहा. इमारतीत राहणारी आता मी एकटी.

सवयीनं सकाळी मेणाची तार लावली होती. कशाला लावली, हसू आलं.

संध्याकाळी आले. तार तुटलेली.

कंगवा खिडकीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कुलूपवाला बोलावून नवं कुलूप बसवलं. दोन किल्ल्या. दोन्ही माझ्या गळ्यातल्या दोरीला.

दवाखान्यात हातातून एक साचा पडून फुटला. 

घरी आले. तार तुटलेली. सकाळी मी मुद्दाम न धुता ठेवलेला पेला धुऊन पालथा घातलेला. चादर इतकी नीट की तिच्यावर बसवेना.

मी मोठ्यानं म्हटलं, छोटे, ही मी आहे ग. तो गेला. इथे मी आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लाल वही. मी लिहिलेलं ‘आता तू नीज’ खोडलंय. पुढची सगळी पानं भरली आहेत. प्रत्येक ओळीवर तेच. शाईत. फुगलेल्या अक्षरात.

थोडं सांभाळून घे थोडं सांभाळून घे थोडं सांभाळून घे

पुठ्ठ्यापर्यंत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एक गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती.

त्या दिवशी तिनं मला फोन केला होता. चार वाजून पाच मिनिटांनी. मी पार्लरमध्ये होते, केसांना रंग लावलेला, हात चिकट. म्हणून स्पीकरवर घेतला. ती हळू आवाजात बोलत होती, नीट ऐकू येईना. ताईडी, ऐक ना, ताईडी. मी म्हटलं, आता काय झालं, पुन्हा कंगवा हलला का? पार्लरवाली फिसकन हसली. मीही हसले. तिच्या हसण्याला साथ म्हणून. छोटी गप्प झाली. तिनं ऐकलं ते हसणं. मग मी म्हटलं, थोडं सांभाळून घे, मी रात्री करते फोन. आणि पार्लरवालीला म्हटलं, बंद कर ग ते.

सव्वाचारला ती पडली.

मला वाटत होतं हे कुणाला ठाऊक नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बेकरीत गेले. मावशी म्हणाल्या, अहो, आत्ताच तर तुमची बहीण ब्रेड घेऊन गेली. गोड आहे पोरगी. आधी वर जी मुलगी राहायची तिच्यासारखीच दिसते थोडी.

मी विचारलं, कुठे गेली?

वर, त्या म्हणाल्या. घरीच की. खिडकीत बघा, हात करतेय.

मी वर बघितलं नाही. दवाखान्यात गेले. मागच्या खोलीत, साच्यांच्या फळीखाली झोपले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दवाखाना आज दुपारीच बंद. डॉक्टर म्हणाले, घरी जा, चार दिवस विश्रांती घ्या, तुमची अवस्था बघवत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला ओळखीचा वाटला. समजूत घालणारा.

औषधवाल्याला सांगितलं. त्यानं त्याच गोळ्या पुढे केल्या.

आईला फोन लावला. आई, छोटी इथे आहे. ती माझ्यावर रागावली आहे. मला घ्यायला ये. आई आधी रडली. मग म्हणाली, धसका घेतलायस तू. एकटी राहतेस म्हणून होतं हे. आज इथे मामांची माणसं आली आहेत, मला निघता येणार नाही. पुढच्या आठवड्यात बघू.

आई, पुढच्या आठवड्यापर्यंत मी—

ती म्हणाली ते शब्द मी लिहिणार नाही.

तिचा दोष नाही. तिला शब्द कुणी दिले ते मला कळलं. आईच्या आवाजामागे कुणीतरी फिसकन हसलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

निघतेय. सामान नको. फक्त पिशवी. टेम्पोवाला चारला येतो म्हणालाय, कोपऱ्यावर. दार ओढून घेतलं. पहिल्या पायरीवर आहे.

ती वळणावर बसली आहे.

पाठ माझ्याकडे. केस मोकळे. भरदिवसा. ऊन तिच्यावर पडतंय आणि खाली सावली—

मागे दार उघडत नाही. दोन्ही किल्ल्या लावून पाहिल्या.

खिडकी आहे जिन्यात. हाका मारल्या. मावशींनी वर बघितलं, हसल्या, हात केला. औषधवाल्यानंही. सगळे इथेच आहेत. पन्नास पावलांवर सगळे आहेत. कुणी—

चार वाजून पाच.

ती बोलतेय. वळत नाही. म्हणते, बस. पहिल्या पायरीवर बसले. म्हणते, वही काढ. आज मध्ये बोलायचं नाही, ताईडी. आज हसायचं नाही. लिही.

लिहितेय. छोटे, मी लिहितेय बघ—

म्हणते, दार उघडलं तर तो खुर्चीवर. मांडीवर माझी चादर. मी जिन्यात आले. पळाले नाही. पळायला हवं होतं. पण अधू डोळ्याच्या बाजूला पायऱ्या, दिसेनात, आणि वाटलं, तुला विचारावं काय करू. तू सांगशील. तू नेहमी सांगायचीस. म्हणून उभी राहिले. इथेच, तू आत्ता बसलीस तिथेच उभी राहून फोन लावला. तो दारात. एवढ्या अंतरावर. म्हणून हळू बोलत होते ग. तू म्हणालीस ऐकू येत नाही. मोठ्यानं कसं—

छोटे मला माहीत नव्हतं मला खरंच

म्हणते, मध्ये बोलू नकोस.

म्हणते, तू हसलीस ते त्यानंही ऐकलं. तोवर तो दारातच थांबला होता, घाबरलेला होता, जाऊ देणार होता मला. तुमचं हसणं ऐकलं आणि त्यालाही हसू आलं. त्याला कळलं की कुणी येणार नाही. मग तो उंबरा ओलांडून

ती उठली

वर येतेय. मोजतेय. अकरा, दहा, नऊ

चेहरा अजून भिंतीकडे, पण पाऊल माझ्याक

म्हणते, आता तू मला सांग ताईडी, त्या वेळी मी काय कराय